आधी कोणी गोळी झाडली?

एक भांडण डोळ्यांपुढे आणा. उरण तालुक्यातील द्रोणागिरी येथे राहणारा एक मुलगा आणि नागपूरची त्याची मावसबहीण मोबाइलवरच्या एकाच खेळात उतरली आहेत. एका पडक्या भिंतीपाशी दोघे अचानक समोरासमोर येतात. दोघेही गोळी झाडतात आणि बहीण बाद होते. लगेच तिचा फोन येतो, "मी आधी बटण दाबलं होतं!" भाऊ म्हणतो, "ताई, तू तर बंदूक उचललीही नव्हतीस!" ती म्हणते, तिच्या पडद्यावर तिची गोळी सुटलेली तिने स्वतः पाहिली. तो म्हणतो, त्याच्या पडद्यावर ती नुसती उभी होती.

यात खोटे कोण बोलते आहे? कोणीच नाही. दोघांनी जे पाहिले तेच ते सांगत आहेत. मग निकाल कोणी दिला आणि कशाच्या आधारावर? हे समजून घ्यायचे तर आपल्याला मोबाइल सोडून एका तिसऱ्याच संगणकाकडे जावे लागेल.

मैदान कोठे आहे?

खेळाचे खरे मैदान भावाच्या मोबाइलमध्ये नसते, बहिणीच्याही नसते. ते सर्व्हर नावाच्या संगणकात असते. कोणता खेळाडू कोठे उभा आहे, कोणाची किती शक्ती उरली आहे, कोणत्या बंदुकीत किती गोळ्या आहेत, ही सारी नोंदवही सर्व्हरजवळ असते. तुमच्या मोबाइलमध्ये असते ती तिची नक्कल, आणि तीही थोडी शिळी. रेडिओवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकणारा माणूस मनात मैदान उभे करतो. पण चेंडू पडतो तो खऱ्या मैदानावर. तसेच हे.

मोबाइल सर्व्हरला चित्र पाठवीत नाही. तो पाठवतो एक छोटीशी आज्ञा: "आज्ञा क्रमांक ५१२, पुढे चालण्याचे बटण दाबलेले, नजर अमुक कोनात, गोळी झाडली." बस्स. साधारण एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच मजकूर. मी आता अमुक ठिकाणी आहे, असे मोबाइलने सांगायचे नसते. मी अमुक बटण दाबले, एवढेच सांगायचे. कोठे पोचलास ते सर्व्हर ठरवील. असे का, हे सांगायला नकोच. स्वतःची जागा स्वतःच जाहीर करण्याची मुभा दिली तर कोणीतरी भिंतीतून आरपार चालू लागेल.

हे सर्व्हर पूर्वी आपल्यापासून फार लांब असत. कितीतरी खेळांसाठी भारतातल्या खेळाडूंच्या आज्ञा सिंगापूरला जाऊन परत येत. आता मुंबई आणि नवी मुंबई हे अशा संगणकांचे मोठे ठाणे झाले आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१६ साली मुंबईत आपले संगणककेंद्र सुरू केले. पनवेलजवळ हिरानंदानी समूहाचे 'योट्टा' हे प्रचंड केंद्र २०२० साली उघडले. तेव्हा आपल्या गोष्टीतला सर्व्हर नवी मुंबईतच आहे असे समजू.

थांबणारा आणि न थांबणारा

आता सर्व्हरच्या जागी स्वतःला ठेवा. शंभर खेळाडू आहेत. प्रत्येकाकडून आज्ञा येणार आहेत. सर्वांत सोपी रीत कोणती? वर्गात हजेरी घेतात ती. पहिला क्रमांक, "हजर". दुसरा क्रमांक, "हजर". सगळ्यांचे उत्तर आले की पुढचे पाऊल.

ही रीत प्रत्यक्षात वापरलेली आहे. १९९३ सालच्या 'डूम' या खेळात एकमेकांना जोडलेले संगणक प्रत्येक पावलाला एकमेकांच्या आज्ञांची वाट पाहत, आणि अशी पावले सेकंदाला ३५ पडत. १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स' मध्ये थोडी सवड ठेवलेली होती. आज दिलेली आज्ञा दोन फेऱ्यांनंतर अमलात येई, म्हणजे तेवढ्या वेळात ती सगळीकडे पोचलेली असे. या पद्धतीचा गुण असा की सर्वांकडे खेळ तंतोतंत सारखा चालतो. आणि दोष? एकाचा टेलिफोन घरघरू लागला की सगळ्यांचा खेळ अडतो. हजेरीत एक मुलगा खिडकीबाहेर पाहत बसला तर चाळीस मुले त्याच्यासाठी खोळंबतात. खोलीतल्या चौघांना हे चालून जाते. शंभर गावांतल्या शंभर जणांना चालत नाही, कारण शंभरांत एकाची तरी लाइन प्रत्येक क्षणी खराब असतेच.

दुसरी रीत पाहायला आपल्या द्रोणागिरीच्या मुलाला फार लांब जावे लागत नाही. त्याच्या घराजवळच्या रस्त्यावरून दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर जात असतात ते न्हावा-शेव्याच्या बंदराकडे. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, तेव्हापासून ही वर्दळ आहे. आता विचार करा, प्रत्येक ट्रेलर थेट जहाजाखाली जाऊन उभा राहिला आणि वरच्या क्रेनने तो कंटेनर उचलेपर्यंत थांबला, तर काय होईल? नाशिकहून निघालेला ट्रेलर घाटात अडकला की क्रेन रिकामी, जहाज खोळंबलेले. उलट चाळीस ट्रेलर एकदम आले की त्यांची रांग थेट महामार्गावर.

बंदरात असे करत नाहीत. ट्रेलर दारातून आत येतो, कंटेनर यार्डात उतरवून घेतला जातो आणि ट्रेलर आपल्या वाटेने परत जातो. जहाज लागले की यार्डातून कंटेनर उचलून त्यावर चढवतात. ट्रेलर क्रेनसाठी थांबत नाही, क्रेन ट्रेलरसाठी थांबत नाही. मध्ये यार्ड आहे. आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक जहाजासाठी माल आत येण्याची एक शेवटची वेळ ठरलेली असते. बंदरातली माणसे तिला 'कट-ऑफ' म्हणतात. त्या वेळेनंतर आलेला कंटेनर रद्द होत नाही, पण तो पुढच्या जहाजाने जातो.

खेळाचा सर्व्हर हुबेहूब असाच चालतो. त्याच्या दारात एक कारकून बसलेला असतो, म्हणजे कार्यक्रमाचा एक स्वतंत्र भाग. त्याचे काम एकच: जाळ्यातून आलेली आज्ञा घ्यायची आणि रांगेत ठेवायची. तो तिचा अर्थ लावत बसत नाही. आत दुसरा भाग घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. खेळाडू या ठोक्याला 'टिक' म्हणतात. आपण ठोकाच म्हणू. 'काउंटर-स्ट्राइक' या प्रसिद्ध खेळाचे सर्व्हर बरीच वर्षे सेकंदाला ६४ ठोक्यांनी चालत आले, म्हणजे एक ठोका सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा. प्रत्येक ठोक्याला हा भाग रांगेत जे असेल ते उचलतो, क्रमाने अमलात आणतो, गोळ्या पुढे सरकवतो, कोण कोणाला लागले ते पाहतो आणि नवी परिस्थिती पाठवणाऱ्या तिसऱ्या भागाच्या हाती देतो. एखाद्याची आज्ञा आलीच नसेल तर? नाही तर नाही. जहाज सुटले. त्याच्या दोन आज्ञा पुढच्या ठोक्याला एकदम येतील, तेव्हा त्या दोन्ही लागोपाठ अमलात आणता येतील.

काम सोपवायचे पण ते होईपर्यंत ताटकळायचे नाही, या रीतीला संगणकशास्त्रात असमकालिक प्रक्रिया म्हणतात. नाव जड आहे; रीत मात्र बंदरातल्या हमालालाही ठाऊक असलेली.

(उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगून टाकतो. यार्डातला कंटेनर आल्याच्या क्रमाने चढत नाही. जड माल खाली, आधीच्या बंदरात उतरवायचा माल वर, असा त्याचा हिशेब वेगळा असतो. खेळात मात्र आल्याचा क्रम फार महत्त्वाचा.)

नोंदवहीवर एकच हात

हुशार वाचक येथे विचारील, हा मधला यार्ड हवाच कशाला? आज्ञा आली की दारातल्या कारकुनानेच नोंदवहीत बदल करून टाकला तर काम लवकर नाही का होणार? शंभर खेळाडूंसाठी शंभर कारकून ठेवा.

करून पाहू. एका खेळाडूची शक्ती १०० आहे. त्याला एकाच क्षणी दोघांच्या गोळ्या लागतात. एकीने ३० कमी व्हायला हवेत, दुसरीने ४०. पहिला कारकून वही पाहतो: १००. दुसराही पाहतो: १००. पहिला वजाबाकी करून ७० लिहितो. दुसरा आपली वजाबाकी करून त्यावर ६० लिहितो. वहीत उरले ६०. उरायला हवे होते ३०. एक गोळी हवेत विरून गेली! दोघांचेही गणित बरोबर होते, हे लक्षात घ्या. चूक गणितात नाही, ती एका वहीवरच्या दोन हातांत आहे.

अशी चूक शोधणे महाकठीण असते, कारण ती हजारात एखाद्या वेळीच घडते. चाचणी घेताना ती बहुधा लपून राहते आणि अंतिम सामन्याच्या दिवशी उगवते. म्हणून शहाणे कार्यक्रमकार एक नियम पाळतात: आज्ञा कितीही दारांनी येवोत, वहीवर लिहिणारा हात एकच. आधी रांग, मग तो एक हात. रांगेचे खरे महत्त्व माझ्या मते यातच आहे. वेगाचा फायदा त्यानंतरचा.

आणि हा एक हात कधीही अडकून पडता कामा नये. समजा खेळाडूने सामना जिंकला आणि त्याचे गुण कायमच्या दफ्तरात नोंदवायचे आहेत. दफ्तर दुसऱ्या संगणकात आहे, तिथून पोच यायला पन्नास मिलिसेकंद लागतील. एवढा वेळ वाट पाहिली तर तीन ठोके बुडाले, शंभर जणांचा खेळ गोठला. म्हणून तो हात चिठ्ठी देऊन मोकळा होतो. पोच आली की तीही खेळाडूच्या आज्ञेसारखीच रांगेत येऊन बसते.

चिठ्ठ्या हरवल्या तर?

आज्ञा जाळ्यातून येताना काही वाटेत गहाळ होतात, काही मागच्या पुढे येतात. हरवलेली चिठ्ठी पुन्हा मागवावी, तर ती येईपर्यंत तिच्यातली बातमी शिळी होते. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक चिठ्ठीत ताज्या आज्ञेबरोबर मागच्या दोन-तीन आज्ञाही लिहायच्या. क्रमांक ५१२ हरवला तरी ५१३ च्या चिठ्ठीत तो सापडतो. आणि क्रमांक असल्यामुळेच सर्व्हरला एकच आज्ञा दोनदा अमलात आणण्याचा धोका राहत नाही.

आता थोडे पदार्थविज्ञान. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. पण काचेच्या तंतूत त्याचा वेग काचेच्या अपवर्तनांकाने भागला जातो. हा अंक सुमारे १.४७ असतो, म्हणून वेग उरतो सुमारे २ लाख किलोमीटर. लक्षात ठेवायला सोपे: एका मिलिसेकंदाला २०० किलोमीटर. मुंबई-नागपूर सरळ अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद. सिंगापूर सुमारे ३९०० किलोमीटर, म्हणजे एका दिशेने जवळजवळ २० मिलिसेकंद. न्यू जर्सीतल्या काकांच्या मुलाला नवी मुंबईच्या सर्व्हरवर खेळायचे असेल, तर सुमारे १२,५०० किलोमीटरसाठी एका दिशेने ६२ मिलिसेकंदांहून कमी वेळ लागणे शक्यच नाही, मग फोन कितीही महाग असो. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून वेळ याहून अधिकच लागतो.

पण नागपूरच्या आज्ञेला साडेतीन मिलिसेकंद पुरत नाहीत हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. उरलेला वेळ जातो मोबाइल आणि मनोऱ्यामधल्या हवेतल्या प्रवासाची पाळी येण्यात आणि वाटेतल्या यंत्रांच्या रांगांत. प्रकाश चोख धावतो. वेळ खातात त्या रांगा.

आता निकाल देता येईल

भावाच्या आज्ञेला सर्व्हरपर्यंत २० मिलिसेकंद लागतात आणि बहिणीच्या आज्ञेला ५०, असे समजू. बहीण बटण दाबते तो क्षण शून्य धरा. भाऊ त्यानंतर १५ मिलिसेकंदांनी दाबतो. त्याची आज्ञा सर्व्हरच्या दारात येते ३५ व्या मिलिसेकंदाला. बहिणीची ५० व्या. सर्व्हरचे ठोके पडतात १५.६, ३१.२, ४६.९, ६२.५ या क्षणांना. ४६.९ च्या ठोक्याला रांगेत भावाची आज्ञा आहे, बहिणीची नाही. गोळी लागली, बहीण बाद. ६२.५ च्या ठोक्याला तिची आज्ञा उचलली जाते. पण आता ती देणारी खेळाडू मैदानात नाही. आज्ञा रद्द.

बहिणीला ही बातमी कळायला आणखी ५० मिलिसेकंद लागतात. तोपर्यंत तिच्या मोबाइलने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता तिची गोळी सुटल्याचे चित्र दाखवूनही टाकलेले असते! मोबाइलने असा अंदाजाने पुढे धावण्याचा उपाय १९९६ मध्ये 'क्वेकवर्ल्ड' या खेळासाठी जॉन कारमॅक यांनी केला. त्याआधी 'क्वेक' मध्ये बटण दाबल्यावर आपलाच माणूस हलण्यासाठी सर्व्हरचे उत्तर यावे लागे. संथ टेलिफोन लाइनवर खेळणारे लोक त्यामुळे वैतागून जात. अंदाज चुकला तर मोबाइल मुकाट्याने दुरुस्ती करतो आणि पुढे गेलेला खेळाडू रबर ओढल्यासारखा मागे येतो. हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

थोडक्यात, बहिणीने खरोखरच आधी बटण दाबले होते. तरी ती हरली. येथे आइन्स्टाइन यांना मध्ये आणण्याचे कारण नाही. घड्याळे जुळवता आली असती. पण खेळाडूच्या घड्याळावर विश्वास टाकला, तर प्रत्येकजण आपले घड्याळ मागे करील.

मग हा अन्याय नव्हे काय? आहे, आणि तो कमी करण्यासाठी एक चतुर उपाय आहे. तुम्हाला प्रतिस्पर्धी दिसतो तो आताचा नसतो. बातमी यायला लागलेला वेळ आणि चित्र सलग दिसावे म्हणून मोबाइलने मुद्दाम ठेवलेला उशीर मिळून तो साधारण ०.१५ सेकंद जुना असतो. सेकंदाला ५ मीटर धावणारा माणूस तेवढ्यात ७५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. नेम अचूक धरूनही गोळी त्याच्या मागच्या हवेत! म्हणून सर्व्हर मागच्या सुमारे सेकंदभराच्या नोंदी जपून ठेवतो. गोळीची आज्ञा आली की तो हिशेब करतो, ही झाडताना त्या खेळाडूला काय दिसत होते? मग इतरांना क्षणभर त्या जुन्या जागी नेऊन ठेवतो, गोळी लागते का पाहतो आणि सर्वांना पुन्हा आजच्या जागी आणतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्निअर यांनी ही पद्धत २००१ मध्ये सविस्तर मांडली.

पण एकाला न्याय दिला की दुसऱ्यावर तो उलटतो. भिंतीआड सुखरूप पोचलेल्या खेळाडूला सर्व्हर सांगतो, "तू मेलास, त्याने झाडली तेव्हा तू बाहेर होतास." किती मागे जायचे याला मर्यादा घालावीच लागते. मर्यादा फार कमी ठेवली तर दुबळ्या मनोऱ्याखाली राहणाऱ्या खेड्यातल्या मुलाला कधीच कोणाला टिपता येणार नाही आणि माहिती केंद्राशेजारी राहणारा नेहमी जिंकेल. फार वाढवली तर काही लबाड मुद्दाम आपली लाइन अडवून ठेवतात आणि भूतकाळातून गोळ्या झाडतात. असे प्रकार घडलेले आहेत. मला विचाराल तर झुकते माप खेड्यातल्या मुलाला द्यावे, पण पाव सेकंदापुढे नाही. यावर तुमच्या वर्गात दोन तट पडले तर मला नवल वाटणार नाही.

गर्दी झाली म्हणजे

रांग कितीही उपयोगी असली तरी ती जादू नव्हे. १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्याचे काम करायला सर्व्हरला २० मिलिसेकंद लागू लागले असे समजा. मग सेकंदाला ६४ ऐवजी ५० च ठोके होतील. दहा सेकंदांत ६४० हवे होते, झाले ५००; खेळ सुमारे २.२ सेकंद मागे पडला आणि रांग वाढतच चालली. यावर उपाय दोनच: काम कमी करा किंवा सामने दुसऱ्या संगणकांवर वाटून द्या.

नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीचा 'लुडो किंग' हा खेळ २०१६ मध्ये आला. २०२० च्या टाळेबंदीत गावोगावी अडकलेली कुटुंबे एकाच पटावर सोंगट्या खेळू लागली आणि खेळणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. लुडोसारख्या पाळीच्या खेळात ठोक्यांची गरज नसते, पण तत्त्व तेच. बुद्धिबळपटू एकटा चाळीस पटांवर खेळतो, तेव्हा कोणा एकाच्या पटापाशी तो बसून राहत नाही. ज्याने चाल केली त्याला उत्तर देऊन पुढे सरकतो. सर्व्हरही हजारो पटांमधून असाच फिरतो, आणि आजी फासा टाकायला वेळ लावीत असतील तर ठरावीक वेळाने त्यांची पाळी पुढच्याकडे देतो.

शिक्षकांना हे मैदानावर सहज करून दाखवता येईल. एक मुलगा सर्व्हर होऊन फळ्याजवळ बसेल, समोर खोका. चार खेळाडू चिठ्ठीवर "एक पाऊल डावीकडे", "एक पाऊल पुढे" अशा आज्ञा क्रमांक घालून लिहितील आणि चार टपाली त्या खोक्यात आणून टाकतील. त्यांतल्या एका टपाल्याने मात्र मैदानाला फेरी मारूनच यायचे. पहिली पाच मिनिटे नियम असा, की चौघांच्या चिठ्ठ्या आल्याशिवाय सर्व्हरने फळ्यावरच्या सोंगट्या हलवायच्या नाहीत. नंतरची पाच मिनिटे दर दहा सेकंदांनी घंटा द्यायची आणि खोक्यात असेल तेवढेच अमलात आणायचे. दोन्ही वेळा सोंगट्या किती वेळा हलल्या ते मोजा. मग फेरी मारणाऱ्या टपाल्याची एक चिठ्ठी गुपचूप फाडून टाका आणि त्याच्या खेळाडूला पुढच्या चिठ्ठीत मागची आज्ञाही लिहायला सांगा.